कंपनीची हिरवी साडी

मेहकरच्या एसटी स्टँडवर आईने माझी ओटी भरली. घरी एकदा भरून झाली होती, तरी गाडी सुटायच्या आधी तिने पिशवीतून पुन्हा तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या पदरात घातली. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातले देव गेले, उपासतापास गेले. ओटी मात्र आईच्या हातून सुटली नाही. वडील बाजूला उभे होते. ते शाळेत शिपाई, पण अख्ख्या वस्तीचे अर्ज तेच लिहायचे. त्यांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. आमच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी केल्याचा तो दाखला होता. तो दाखवल्याशिवाय अंबरनाथला नवऱ्याच्या कार्डावर माझं नाव चढणार नव्हतं. त्यासाठीचा अर्जही त्यांनीच, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिला होता. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

तुम्ही गावी राहिलेल्या मैत्रिणी अजून मला विचारता, कंपनी एवढी मानाची साडी देत होती तर तू नाही का म्हणालीस. आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या, तुम्ही काहीच विचारत नाही, कारण तुमच्यातल्या दोघीतिघींच्या कपाटात ती साडी आहे. तुम्हा सगळ्यांसाठीच हे लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमची खोली शिवमंदिराच्या अलीकडे, चाळीत. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, उल्हासनगरला एका सिंधी सेठच्या कारखान्यात जीन्सचं कटिंग करायचा. मी बारावी शिकलेली, म्हणून आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागले. मलमाच्या ट्यूबा पुठ्ठ्याच्या डब्यांत आणि डबे खोक्यांत भरायचे, आठ तास उभं राहून. गावाकडे कामाला जायचं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर. इथे गेट, पंचिंग कार्ड, निळा एप्रन. वर्षभराने मी पक्की झाले. मस्टरवर नाव आलं, कामगार विम्याचं कार्ड आलं. त्या मस्टरवरच्या नावाचा मला इतका अभिमान होता की पहिले काही दिवस मी सही करताना ते उगाच वाचायचे.

मग दिवस गेले. गावातल्या एका दुकानातल्या फोनवर आईला सांगितलं, तर ती दबक्या आवाजात म्हणाली, "तीन महिने तोंडाले कुलूप ठेवजो बाई. कोनाले सांगू नको, नजर लागते." मी कुलूप लावलं. लाइनवर पंधरा-पंधरा किलोचे खोके उचलत राहिले, कारण का उचलत नाही हे सांगायचं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी कंपनीच्या संडासात सगळं गेलं. मी तोंड धुतलं, शिफ्ट पुरी केली आणि तापाचं निमित्त सांगून तीन दिवस घरी राहिले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच खोके. कुणाला कळलंच नव्हतं, त्यामुळे कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, नजर लागली असंल.

आमच्या कंपनीत एक रीत होती. बाईला सातवा लागला की कॅन्टीनमध्ये डोहाळजेवण व्हायचं. खर्च कंपनीचा. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, बुंदीचे लाडू, फोटो. पर्सनलचे, म्हणजे भरती-रजा बघणारे, साहेब स्वतः हजर. सासरी कौतुक नाही, माहेर लांब, अशा बायकांना त्या दिवसाचं केवढं अप्रूप असायचं. मीही दोघीतिघींच्या ओट्या भरल्या, गाणी म्हटली. ओटी भरून झाली की साहेब साडी मिळाल्याची सही घ्यायचे. दोन कागद असायचे, दोन्ही इंग्रजीत. पोटुशी बाई, अंगावर फुलं, समोर लाडू. कोण वाचतंय?

बदलापूरच्या पलीकडच्या गावातून येणारी कल्पना माझ्या शेजारी उभी राहायची. तिचंही डोहाळजेवण झालं. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर ती गेटबाहेर उभी, एप्रन घालून. वॉचमन आत सोडेना. मी जाळीपाशी गेले. ती म्हणाली, "सारी देली, सही घेतली. मना काय म्हाईत त्या कागदान काय लिवलाय." साडीच्या सहीखालचा दुसरा कागद म्हणजे तिचा राजीनामा होता. मी मोजून पाहिलं. मी लागल्यापासून ज्यांची ज्यांची ओटी कॅन्टीनमध्ये भरली, त्यातली एकही बाई लाइनवर परत आली नव्हती. आम्ही समजत होतो, पोरात गुंतल्या. गोड बोलून गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या जाळीपाशी समजलं. आणि एसटी स्टँडवर कुणाचा राग आला होता तेही समजलं. ओटी भरायची आणि नाव कमी करायचं, ही रीत काही साहेबांनी शोधून काढलेली नव्हती.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आधी विम्याच्या दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या बाई जाड चष्म्यातून फॉर्म भरत होत्या. आधीचं काही, असं त्यांनी विचारल्यावर मी खालच्या आवाजात सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं. "मग सहा आठवडे रजा घेतलीत ना?" मी म्हटलं, तीन दिवस. मग केसपेपरच्या मागे त्यांनी सगळं लिहून दिलं. पडलं तर सहा आठवडे. बाळंतपणाची बारा आठवडे भरपगारी रजा, तीही विम्यातून, म्हणजे कंपनीच्या खिशाला खारसुद्धा लागत नाही. जड काम नाकारता येतं. रजेवरच्या बाईला काढता येत नाही. परत आल्यावर पोराला पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून कायद्यात होतं. आणि मी संडासात तोंड धुऊन खोके उचलायला गेले होते. बाहेर पायरीवर बसून मी रडले, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं.

वडील म्हणायचे, तोंडी मागितली तर भीक, लिहून मागितला तर हक्क. दुसऱ्याच महिन्यात, आईचं कुलूप मोडून, मी अर्ज लिहिला. दोन प्रती केल्या आणि साहेबांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "अरे वा, बेटा, अभिनंदन. पण अर्ज कशाला? आपण काय परके आहोत? तुझं तर दणक्यात डोहाळजेवण करू." मी म्हटलं, साहेब, दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. त्यांचा चेहरा जरा बदलला. शिक्का वरच्या साहेबांकडे असतो, म्हणाले. वरचे साहेब म्हणाले, खाली असतो. तीन दिवस मी जिने चढले आणि उतरले. चौथ्या दिवशी पोस्टात जाऊन तोच अर्ज रजिस्टरने पाठवला. कंपनी घरापासून चालत वीस मिनिटं आणि पत्र पोस्टाने. आठवड्याने पोचपावती घरी आली, तिच्यावर कंपनीचा शिक्का होता. बरोबर सापडला म्हणजे.

मिलिंदने डोक्याला हात लावला. "राडा करू नको ना. साडी घे, गप ये. नंतर दुसरी कंपनी बघू, एमआयडीसी भरलीय." त्याच्या कारखान्यात मस्टरच नव्हतं, त्यामुळे नाव कापलं जाणं म्हणजे काय हे त्याला कळेना. त्याचा राग आला, पण तो साधा माणूस आहे. खरं लागलं ते लाइनवरच्या बायकांचं. मला खोक्यांवरून काढून बसायचं काम मिळालं, आणि मी सांगून ठेवलं की मला कॅन्टीनमध्ये काही नको. लाइनमध्ये सगळ्यात जुन्या मंदाताई. सगळ्या डोहाळजेवणांची पुढारी त्याच. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भरल्या पोटी ओटीला नाही म्हणते ही. तुमच्यात नसेल गं, आमच्यात असते." मी म्हटलं, "आमच्यातही असते. आमच्यात सही फक्त वाचून करतात." दोन महिने माझ्याशी कुणी बोललं नाही. डबा एकटी खायचे. कल्पनाबद्दल सांगायला गेले की म्हणायच्या, तिचंच काहीतरी असेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर म्हणायचं, किती छान मारतात.

सातव्या महिन्यात साहेबांनी आणि मंदाताईंनी मला न विचारता कॅन्टीनमध्ये तयारी केली. मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. मी बसले. बायकांनी ओटी भरली, तीही घेतली, कारण त्या बायका माझ्या होत्या आणि तांदळाशी माझं भांडण नव्हतं. मग साहेबांनी साडी पुढे केली आणि कागद. मी कागद घेतले. वरचा बाजूला ठेवला आणि खालचा मोठ्याने मराठीत वाचून दाखवला. अडखळत वाचला, माझं इंग्रजी बारावीचं. मी घरगुती कारणासाठी स्वतःच्या इच्छेने काम सोडत आहे, कंपनीकडे माझं काहीही मागणं नाही. साहेब हसून म्हणाले, "अगं, ती फॉर्मॅलिटी असते." मंदाताईंनी त्यांच्या हातातलं लाडवांचं ताट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "साहेब, अकरा जणींचं केलं मी. अकराही जणींना हाच कागद?" साहेबांना फोन आला, ते निघून गेले. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. साडी टेबलावरच राहिली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. मी गेले नाही. विम्याचा दवाखाना इथे होता, आणि एकदा लांब गेले की गैरहजर दाखवतील ही भीती होती. आई दीड महिना बोलली नाही. मग एक दिवस डिंकाचे लाडू घेऊन ती एकटी अंबरनाथला उतरली. मुलगी झाली. बारा आठवडे संपले त्या सकाळी मी एप्रन घालून गेटवर गेले. वॉचमन म्हणाला, नाव नाही. मी म्हटलं, मला कामावर घेत नाही असं लिहून द्या, मी जाते. लिहून कुणी देईना. तीन दिवस मी शिफ्टच्या वेळी तिथेच उभी राहिले. पाजायच्या वेळेला आई पोरीला घेऊन यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून रस्त्यावर पाजायचे. कुणाला न सांगण्याची शिकवण देणारी माझी आई तिसऱ्या दिवशी वॉचमनला म्हणाली, "लिहून मांगून राह्यली ते पोरगी. द्या ना मंग लिहून." मागे मंदाताई आणि लाइनच्या बायका पंचिंगच्या रांगेत होत्या. त्या पुढे सरकल्याच नाहीत. घोषणा नाही, काही नाही. वीस मिनिटं आत लाइनचा बेल्ट रिकामा फिरला असेल. मग वरून निरोप आला, हिला घ्या.

हा विजय वगैरे नव्हता. कल्पनाला त्यांनी कधीच परत घेतलं नाही. कॅन्टीनमधली डोहाळजेवणं बंद झाली आणि भरतीच्या फॉर्मवर नवीन रकाना आला: लग्न झालं आहे का. काही जणी अजून म्हणतात, तुझ्यामुळे आमचं कौतुक गेलं. ऐकून घेते. पाच वर्षं त्या लाइनवर काढली, मुलगी बालवाडीत गेल्यावर स्वतःहून राजीनामा दिला. माझ्या अक्षरात, मराठीत, पोच घेऊन.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं मानतेस. गावी गेले की भाऊ म्हणतो, हे घर तुझंच आहे. म्हणतो मनापासून, पण घराच्या उताऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव आहे आणि मलाही ते कधी पाहावंसं वाटत नाही. अंबरनाथची खोली भाड्याची होती. मला एवढंच कळलंय की ज्या दारातून मला गोडीने बाहेर काढता येतं, ते माझं घर नाही, मग आत कितीही माया असो. दोन वर्षांपूर्वी आम्ही चिखलोलीला वन रूम किचन घेतलं. बिल्डरच्या माणसाने करारात मिलिंदचं एकट्याचं नाव टाइप करून आणलं होतं. वहिनींचं नंतर घालू, म्हणाला. मी कागद परत पाठवले, ते आठवड्याने दोन नावं घालून आले. नोंदणीच्या दिवशी टेबलावर चाळीस पानं होती. मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. मिलिंद कानात म्हणाला, अगं, मागे लोक थांबलेत. मी पान उलटलं आणि म्हटलं, थांबू देत.