पंच्याखालचा भाव

आमच्या मिठबावात आता बैल राहिले नाहीत, त्यामुळे बाबूकाकाला कामही राहिलं नाही. तो बैलांचा दलाल, आमच्याकडे हेडी म्हणतात. तरुणपणी घाटावरून बैल घेऊन यायचा, वाडीवाडीत सौदे जुळवायचा. पुढे नांगरणीला यंत्रं आली आणि बाबूकाका पडवीत बसून सुपाऱ्या कातरू लागला. त्याच्या हातून शेवटचा सौदा झाला तो लॅपटॉपचा, आणि तो घेणारी मी, विनीता. त्या दिवशी जे पाहिलं त्याने मी आजही चक्रावलेली आहे.

माझी मुलगी अक्षया कणकवलीला कॉलेजात, रोज एसटीने जाऊन-येऊन. तिला लॅपटॉप हवा होता, आणि नवा घेण्याची आमची ऐपत नव्हती. आमचे हे गोव्याला हॉटेलात नोकरीला, मी घरी आमसुलं नि कुळथाचं पीठ विकते. तेवढ्यात शेजारच्या जितेंद्रने त्याचा लॅपटॉप विकायला काढल्याचं कळलं. जितेंद्र माझा चुलतदीर. मुंबईची त्याची कंपनी बंद पडली आणि तो बायकोसह गावी परतला. घरात बसलेला माणूस वस्तू विकायला काढतो तेव्हा त्याची गरज विचारायची नसते, दिसते.

शेजारचंच घर, मग अडलं कुठे? अडलं भावात. आमच्या दोन घरांत एकदा भाव ठरवून झालेला आहे. हद्दीवरचा फणस तोडून लाकूड विकलं तेव्हा माझ्या सासऱ्यांना वाटलं, आपल्याला कमी दिलं. जितेंद्रच्या वडिलांना वाटलं, जास्त दिलं. त्यावरून बोलणं बंद झालं, मधली वाट बंद झाली, तिथे काटेरी कुंपण आलं. मी नवी नवरी असताना चिमूटभर हळद मागायलाही गावाला वळसा घालून तिसऱ्याच घरी जायचे. मग वादळात आमच्या छपराचे नळे उडाले, आणि जितेंद्र ते कुंपण कोयत्याने तोडून मदतीला धावत आला. तेव्हापासून वाट पुन्हा पडली. लॅपटॉप दुसरीकडेही मिळाला असता. ती वाट दुसरीकडे मिळणार नव्हती.

बरं, भाव विचारावा कुणाला? देवगडच्या दुकानदाराने एक सांगितला, माझ्या भावाने फोनवर दुसरा, मोबाईलवर शोधलं तर तिसराच. तिघांच्या भावांत बैल आणि वासरू इतका फरक. कमीतला द्यावा तर जितेंद्रची अडचण साधली असं होणार, जास्तीतला द्यावा तर माझा पैशांचा डबा रिकामा होणार. शेवटी त्यालाच विचारलं.

"भावजी, काय घेवचा ता सांगा."

"वैनी, तुमच्याकडसून मी काय मागू? तुमका वाटता ता द्या."

"माका वाटता ता ऱ्हवांदे. तुमी सांगा."

"अक्षया काय परकी आसा? तसोच घेवन जावा."

झालं. फुकट नेलेली वस्तू घराघरांत किती महाग पडते ते बायकांना विचारा. तो सांगेना, मी सांगेना, आणि लॅपटॉप त्याच्या टेबलावर धूळ खात बसला. मला राग येऊ लागला, आणि मला राग आला की मी भांडी जोरात आपटते. आपटण्याचा आवाज पलीकडे गेला असणार, कारण त्याची बायको संचिता वाटेवर दिसेनाशी झाली. मी घाबरले. फणसाची गोष्ट अशीच सुरू झाली होती.

म्हणून मी बाबूकाकाकडे गेले. म्हटलं, "काकानू, आमचो सौदो जुळवा."

"लॅपटॉपातला माका काय कळता गो?"

"तुमका भाव सांगूक कोणी सांगितल्यान? आमका तोंड उघडूचा नाय, इतक्याच."

त्याने अडकित्ता खाली ठेवला. आपल्या माणसांना तोंडाने भाव बोलवत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? बैलाचे सौदे तो पंच्याखाली करायचा. विकणाऱ्याचा हात पंच्याखाली धरायचा, विकणारा बोटं दाबून आपला भाव सांगायचा. मग घेणाऱ्याचा हात. मग पुन्हा पहिल्याचा. विकणाऱ्याला खाली ओढायचं, घेणाऱ्याला वर चढवायचं, मधे कुठेतरी गाठ मारायची. कोण किती बोलला ते फक्त बाबूकाकाला माहीत, आणि ते तो कुणालाही सांगायचा नाही.

"पण बायलमाणसाचो हात मी कधी धरूक नाय पंच्याखाली," तो म्हणाला.

"माझो हात धरून बघा, तुमच्या बैलवाल्यांपेक्षा खरबरीत आसा."

तो हसला आणि खांद्यावरचा पंचा झटकून उठला.

जितेंद्रच्या ओटीवर आम्ही बसलो. मधे लॅपटॉप, अक्षयाने पुसून ठेवलेला. बाबूकाकाने आधी जितेंद्रला सांगितलं, "खोडी सांग." हा त्याचा नियम, जनावराच्या खोडी सांगितल्याशिवाय तो हात धरत नसे.

जितेंद्र सांगत सुटला. बॅटरी तासभरही टिकत नाही, एक कळ दाबली की अडकते, झाकणाला भेग आहे, लवकर तापतो. मी मनात म्हटलं, हा विकायला बसलाय की मोडीत काढायला.

"मारता काय?" बाबूकाकाने विचारलं.

"नाय."

"मग बरो आसा."

पंचा पसरला. त्याने जितेंद्रचा हात आत घेतला. बाबूकाका डोळे मिटून बसला होता, चेहरा दगडासारखा. मग माझा हात घेतला. त्याचा हात खरखरीत, सुका, पण इतका हलका की धरल्यासारखं वाटेना. मी आदल्या दिवसापासून ठरवलेला भाव दाबला. किती, ते सांगणार नाही. एवढंच सांगते, दुकानदाराच्या भावापेक्षा वर होता, कारण संचिताचं वाटेवर न दिसणं मला झोपू देत नव्हतं.

बाबूकाकाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, जितेंद्रकडे पाहिलं. पुन्हा जितेंद्रचा हात आत घेतला. जितेंद्र एकदम म्हणाला, "नाय काका, तितक्या नको." आणि गप्प झाला, कारण पंच्याखाली बोलायचं नसतं.

मग माझा हात. आणि बाबूकाकाने माझं एक बोट मिटवलं.

मला वाटलं चुकून झालं. मी ते पुन्हा सरळ केलं. त्याने पुन्हा मिटवलं. मी हट्टी, पुन्हा सरळ केलं. तेव्हा त्याने माझी सगळी मूठच आपल्या मुठीत घट्ट धरली. वर पाहिलं तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा मला कळलं. जितेंद्रने माझ्यापेक्षा कमी मागितलं होतं. मी त्याच्यापेक्षा जास्त देत होते. तो मला सांभाळून घेत होता, मी त्याला. आणि मधला म्हातारा जन्मभर शिकलेलं काम उलटं करत होता, विकणाऱ्याला वर चढवत होता आणि घेणाऱ्याला खाली ओढत होता.

"जुळलो," बाबूकाका म्हणाला. पंचा काढून त्याने तोंड पुसलं. "सगळ्या जन्मात दोघांका ओढूक लागला. आज दोघांका आवरूक लागला रे."

जितेंद्र खाली मान घालून बसला होता. मी पदरातले पैसे मोजून त्याच्यापुढे ठेवले.

अक्षयाने लॅपटॉप उचलला, चार्जर गुंडाळायला घेतला, तर बाबूकाकाने तिचा हात अडवला.

"दावा हयच ऱ्हवाचा."

जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, विकणाऱ्याने द्यायचं नसतं, दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, ही आमच्याकडची जुनी रीत. पण चार्जर म्हणजे दावं? जितेंद्र समजावू लागला की काका, ह्याच्याशिवाय तो चालत नाही. मीही वैतागले. म्हातारा हटेना. स्वतः उठून त्याने चार्जर जितेंद्रच्या खिडकीच्या खिळ्याला अडकवला.

"विकलेलो बैल पयले दिवस संध्याकाळी जुन्या गोठ्याकडेच येता," तो म्हणाला. "येवंदे. त्येका कित्याक अडवतस?"

आणि पंचा खांद्यावर टाकून तो निघाला. दलाली म्हणून एक सुपारी घेतली, ती तिथेच कातरून आमच्या हातांवर ठेवली.

तो चुकला होता की सगळं उमजून बोलला होता, मला अजून सांगता येत नाही. बॅटरी तासभरही टिकत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी अक्षया लॅपटॉप घेऊन त्या खिळ्याकडे जाते. बॅटरी भरेपर्यंत जितेंद्र तिला तिच्या अभ्यासातलं काहीबाही दाखवतो, आणि संचिता चहा ठेवते. उशीर झाला की बोलवायला मी जाते, मग मलाही चहा. जाता-येता वाटेतलं गवत पायाखाली दबून गेलंय.

नवा चार्जर देवगडला मिळतो, मी विचारून आले आहे. अजून आणलेला नाही.