ढेकूण निवारण, रविवारी सकाळी दहा

मराठीचा अभिमान माणसाला कुठे नेऊन ठेवील सांगता येत नाही. मला त्याने चामराजपेटेतल्या मराठी मंडळाच्या फळ्यासमोर उभं केलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून या कानडी मुलखात नोकरीला आलेले आम्ही तिघे फावल्या वेळात एका प्रोग्रामवर काम करायचो. संगणकावर मराठी लिहायचा प्रोग्राम. कुणीही फुकट वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. त्याच्या परदेशातल्या मुख्य माणसाने कळवलं होतं, सोमवारपर्यंत मराठीतल्या चुका शोधून दुरुस्त करा, नाहीतर नव्या आवृत्तीतून मराठी वगळतो.

मदतीला माणसं हवी होती. पण मराठी मंडळाच्या फळ्यावर अशा चुकांसाठीचा इंग्रजी शब्द 'बग' लिहायला माझा हात धजेना. मी खडूने ठसठशीत लिहिलं: 'ढेकूण निवारण. रविवारी सकाळी दहा. स्वयंसेवक हवेत.'

रविवारी रिक्षातून संगणक आणून मांडले. अकरापर्यंत एकच स्वयंसेवक उगवला. मागच्या गल्लीतल्या अक्का, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात रॉकेलची बाटली.

"कुठं आहेत ढेकूण? सतरंजीत का खुर्च्यांत?"

माझे दोघे मित्र हसू लपवायला टेबलाखाली वायर शोधू लागले. मी कसंबसं समजावलं.

"मग तसं लिहायचं की रे," अक्का म्हणाल्या. "मराठी येत नाही होय तुला?"

पुण्याच्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. मग अक्का खुर्ची ओढून बसल्या. "या पेटीत मराठी लिहिता येतं ना? आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध आहे. स्वल्प बोलावणं लिहून दे." स्वल्प म्हणजे त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत 'जरा'.

त्यांचे यजमान मंडळाचे आचारी होते. इथल्या कितीतरी लग्नांतल्या पंगती त्यांच्या हातचं जेवून उठल्या होत्या. अक्का सांगत गेल्या, मी टंकत गेलो. 'आमच्या आचाऱ्यांच्या आठवणीत जेवायला यावे.' पडद्यावर मात्र उमटलं, 'आचार्यांच्या'.

"हे कोण आचार्य?" अक्कांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आमच्या ह्यांनी जन्मभर पुऱ्या तळल्या. प्रवचनं नाही केली."

मी पुन्हा टंकलं. पुन्हा आचार्य. दोन रविवार तिघे इंजिनिअर डोळे फोडत बसलो होतो आणि हे आम्हाला दिसलं नव्हतं, कारण तपासायला आम्ही 'कमल नमन कर' एवढंच लिहायचो.

"अक्का, एवढ्याशा रेघेनं काय होतंय?" एक मित्र म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. मला फार लाज वाटली.

मग आम्ही उठलोच नाही. अक्कांनी घरून चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, आणला आणि तपासायला शब्द दिले: पुऱ्या, सुऱ्या, कोथिंबिरीच्या दुसऱ्या जुड्या. चारच्या सुमारास प्रिंटरने कागद बाहेर टाकला. अक्कांनी तो खिडकीशी नेला, त्या एका अक्षरापाशी थांबून वाचला, आणि पदराने डोळे पुसले.

"सरी," एवढंच म्हणाल्या. कानडीत, बरोबर.

परदेशी पाठवायच्या पत्रकात चूक कुणी शोधली ते भरायचं होतं. मी त्यांचं नाव विचारलं.

"माझं कशाला? लिही, आचाऱ्यांच्या घरून."

मी लिहिलं. आचाऱ्यांच्याच घरून उमटलं.