समुद्राकडची बुजवलेली खिडकी

हरिदास गवंडी जन्मला बाणकोटच्या खाडीकाठी आणि राबला कतारच्या उत्तर टोकासमोरच्या एका ओसाड बेटावर. त्या बेटाला एकेकाळी घरं होती, मशीद होती, मोती काढणाऱ्यांच्या होड्या होत्या. मग शाळा, दवाखाना आणि नळाचं पाणी शोधत माणसं किनाऱ्याकडे गेली, ती परतलीच नाहीत. वाऱ्यानं आधी दारं नेली, मग छपरं.

आता अल रय्यान शहरात राहणारा म्हातारा हमीद त्याच बेटावर जन्मलेला. मरण्याआधी वडिलांचं घर उभं पाहायचं, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी त्यानं हरिदासला तिथं एकट्याला ठेवलं. रोज संध्याकाळी इलियास होडीनं पाणी आणि जेवण आणायचा. तो दाभोळचा, म्हणून दोघांचं जमलं. धक्क्याची वाट पाण्याखालच्या खडपांमधून जायची आणि फोनच्या नकाशात खडपं नव्हती. हरिदासनं धक्क्याच्या खांबावर बत्ती टांगायची, इलियासनं ती नाकासमोर धरून यायचं, असा शिरस्ता होता. समुद्रावरून दुसरा उजेड दिसतच नसे.

हरिदासची एक सवय मात्र गावाकडची. आपण जिथं निजतो त्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागलाच पाहिजे, मग घर कुणाचंही असो. गावी बायको सत्यभामा लावायची, इथं तो लावायचा. स्टीलच्या वाटीत खोबरेल, त्यात वात. कोनाड्यात वाटी ठेवून हात जोडायचे आणि मगच बत्ती घेऊन धक्क्यावर जायचं.

घराची समुद्राकडची खिडकी कुणीतरी दगडांनी बुजवली होती.

"हे गवंड्याचं काम नव्हे," तो इलियासला म्हणाला. "रागानं रचलेत दगड. उद्या काढतो. म्हाताऱ्याला वारा मिळेल."

"विचारलंस त्याला?"

"खिडकी उघडायला काय विचारायचं?"

"हरिभाऊ, तुझी खोड वाईट. एक दिवस भोकातून कुणीतरी म्हणेल, सलाम आलेकुम!"

"म्हणू दे. तुझ्या गार डाळीपेक्षा त्याची सोबत बरी."

दुसऱ्या दिवशी दगड निघाले. त्यांच्या आतल्या अंगाला काजळी होती. चुलीची असेल, असं हरिदासला वाटलं. पण चूल तर पलीकडच्या खोलीत. दुपारभर त्या भोकातून वारा येत राहिला आणि घर कण्हल्यासारखं वाजत राहिलं.

सांजेला धुळीनं आभाळ मातकट झालं. हरिदासनं दिवा लावला, हात जोडले, बत्ती उचलली. पडक्या भिंतींमधून उतरताना त्याला इंजिनाचा आवाज आला. धक्क्याकडून नव्हे, खडपांकडून. त्यानं मागं वळून पाहिलं. नव्या चुन्यानं पांढरा झालेला कोनाडा उघड्या खिडकीतून साऱ्या समुद्राला दिसत होता.

इलियास त्या दिव्यावर येत होता.

हरिदास ओरडला, पण वारा उलटा होता. तो घराकडे धावला. सांजेचा दिवा विझवू नये, असं आई सांगायची. त्यानं तळव्यानं ज्योत चिरडली. तेवढ्यात लाकूड फाटल्याचा आवाज आला आणि इंजिन थांबलं.

बत्ती उंच धरून तो छातीभर पाण्यात उतरला. "इलियास! इकडं बघ! बत्तीकडं!" पाणी नुसतं खडपांवर आपटत होतं. तो हाका मारत राहिला, घसा बसला तरी मारत राहिला. मग अंधारात कुणीतरी खोकलं.

"किती धक्के बांधलेस रे, हरिभाऊ?" मोडका हात पोटाशी धरून इलियास चाचपडत येत होता.

सकाळी हमीद दुसऱ्या होडीनं आला. खडपावरच्या फळ्यांकडे त्यानं पाहिलंच नाही. तो खिडकीसमोर उभा राहिला.

"किसने खोला?"

"मैंने, बाबा."

म्हाताऱ्यानं खाली पडलेल्या दगडाच्या काजळीवरून बोट फिरवलं. "मेरा भाई नाव से आ रहा था," तो म्हणाला. "माँ ने यहाँ चिराग रखा था, वो उसी पर आया. अब्बा ने उसी दिन बंद किया. खलास. माँ फिर भी इन पत्थरों के पास चिराग रखती रही."

आणि तो वाकून स्वतःच दगड उचलू लागला.

भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा हरिदासनं काढलाच नाही. हमीद जसा देईल तसा दगड तो लावत गेला, वेडावाकडा, काजळीची बाजू आत ठेवून.