बाबांच्या फोटोवरची कवटी

गेल्यानंतर आठवड्याभरात बाबा परत आले, असं आमच्या घरात कोणीही म्हणालं नाही. म्हणायची सोयच नव्हती! "आत्मा नसतो, भूत नसतं, आणि मांजर आडवं गेलं तर ते त्याच्या कामाला चाललेलं असतं," हे बाबांनी आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ करायला लावलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बाबांसाठी घरी वंदना ठेवली होती त्या दिवशी सकाळी, येरवड्याच्या घरात, मी बाबांच्या फोटोला हार घालायला गेले तर काचेवर तळहाताएवढा पतंग बसलेला. (दिव्यावर येतो तो. संक्रांतीतला नव्हे.) काळपट तपकिरी पंख, पिवळ्या पट्ट्यांचं पोट, आणि पाठीवर चक्क माणसाची कवटी!

"ताई, लिटरली कवटी आहे यार!" माझा धाकटा भाऊ मिलिंद सोफ्यामागून म्हणाला. तो हडपसरला आयटीत आहे.

"कीटक आहे," मी म्हणाले. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मला गप्प बसता येत नाही. "इकडे अरबस्तानापासून तिकडे जपानपर्यंत सापडतो."

आई खुर्चीत बसून होती. बाबा गेल्यापासून ती ना रडली होती, ना धड जेवली होती. तिने फोटोकडे पाहिलं.

"एवढं जग पडलंय, आणि आला तो येरवड्यात?"

"अगं, योगायोग."

"ह्यांच्याच फोटोवर?"

"काच गार असते ना." (भिंतही गारच होती. पण काहीतरी बोलायला नको?)

"खातो काय हा?" मिलिंदने विचारलं.

इथे तरी मी जीभ आवरायला हवी होती. पण नाही! "मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो आणि मध चोरतो."

बाबांची शुगर आभाळाला भिडली होती, तरी आमची पाठ वळली की ते मधाची बाटली तोंडाला लावायचे. शेवटी आईने ती सगळ्यात वरच्या फळीवर लपवली होती.

"जायच्या आदल्या दिवशी चमचाभर मागितला होता गं त्यांनी," आई म्हणाली. "मी नाही दिला. डॉक्टर नको म्हणाले होते ना. नुसता चमचाभर!"

आई उठली, स्टूल ओढलं, बाटली काढली आणि चमचा भरून फोटोखाली ठेवला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कीटकच आहे ना? मग कीटकासाठीच ठेवलाय."

तेवढ्यात पाहुणे यायला लागले. मागोमाग वंदना घ्यायला विहारातले भन्तेजी येणार, आणि बाबांच्या फोटोसमोर हा नैवेद्य! बाबांच्या आयुष्यभराच्या शिकवणीवर पाणी! शास्त्राची लाज राखायला आता मीच हवी. काचेचा ग्लास आणि पुठ्ठा घेऊन मी पुढे सरसावले.

"बघा आता, कसा साधा कीटक..." म्हणत ग्लास टेकवला.

"चीं!" पतंग ओरडला.

हा पतंग डिवचला की ओरडतो, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण दारात चपला काढणाऱ्या पाहुण्यांनी माझ्या तोंडून ऐकलं ते एवढंच: "बाबा, सॉरी! बाबा, चुकलं!" ग्लास फुटला, पतंग खिडकीतून पसार, आणि मी सोफ्यामागे, मिलिंदच्या शेजारी.

आई हसायला लागली. पोट धरून हसली. "ह्यांची पोरगी! म्हणे शास्त्र शिकवते!" आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागली. आम्ही दोघं तिला धरून बसलो. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, फोटोखालचा चमचा उचलला आणि चाटून टाकला. "वाया कशाला घालवायचा?" दुपारी पानावर बसून वरणभातही खाल्ला.

आता मधाची बाटली खालच्या फळीवर असते, सैल झाकणाने. मुंग्या लागतात आणि आई माझ्यावर करवादते, "किती वेळा सांगू, झाकण घट्ट लाव! अगं, गेलेलं माणूस परत येत नसतं."

ते काय मला माहीत नाही? मी जीवशास्त्र शिकवते! झाकण सैल ठेवते ते कीटकासाठी.