मावशीची कुजबूज

माझ्या मावशीला कुजबुजता येत नसे. आपल्याला ते उत्तम जमतं, असा तिचा ठाम समज होता, आणि सगळा घोळ तिथेच होता.

ती डब्यांची पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. पत्र्याच्याच छपराखाली बावीस प्रेस ओळीने मांडलेले, आणि एकेक प्रेस मिनिटाला चाळीसदा आदळायचा. सात नंबरच्या प्रेसवर मावशीने अठरा वर्षं काढली. आत कुणी कुणाशी आवाज काढून बोलायच्या भानगडीत पडत नसे; नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. पाणी हवं असेल तर अंगठा तोंडाकडे, मॅनेजरसाहेब येत असतील तर डोक्यावर हलकी थाप. साहेब केसांचा टोप घालायचे आणि तो टोप आहे हे कुणालाच कळलेलं नाही, असं त्यांना वाटायचं.

घरी आली की मात्र मावशी बोलायची. तिने एकदा माझ्या आईला फोनवर अगदी खासगीत सांगितलं, की काकांना मूळव्याधीचा त्रास होतोय. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याने काकांना काळजीने विचारलं, आता बसवतंय ना नीट? आई म्हणायची, तुला फोन लागतोच कशाला, नुसती खिडकी उघडत जा.

आम्ही हसायचो. जन्मतःच गळा मोठा, असं सगळे धरून चाललो होतो. अठरा वर्षांपूर्वी तो तसा नव्हता, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग ती सभा झाली. कारखान्यात तीनशे दिवसांत एकही अपघात झाला नाही, म्हणून साहेबांनी सगळे प्रेस बंद करवले आणि भाषणाला उभे राहिले. आपल्याकडे एकाही माणसाला साधं खरचटलेलंसुद्धा नाही, असं सांगून ते टाळ्यांसाठी थांबले. त्या शांततेत मावशी शेजारणीच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आज टोप उलटा घातलाय का गं यांनी? भांग मानेवर आलाय."

ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. फाटकावरचा वॉचमनसुद्धा आत डोकावला. साहेबांचा हात आपसूक डोक्याकडे गेला आणि मागे भांग सापडला. भाषण तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर ताकीदपत्र तयार होतं. आठवड्यातून दोनदा येणारी कारखान्याची नर्स तिथेच औषधांची यादी करत बसली होती. साहेबांनी मान खाली घालूनच विचारलं, "मुद्दाम बोललात का?"

मावशी म्हणाली, "नाही साहेब, बदाम मला पचत नाहीत."

साहेबांना वाटलं, ही आता तोंडावर चेष्टा करतेय. नर्सने मात्र पेन खाली ठेवलं. मावशीच्या पाठीमागे जाऊन तिने दोनदा चुटकी वाजवली. मावशी साहेबांकडेच बघत राहिली. मग नर्स साहेबांना म्हणाली, की पत्र राहू द्या, आधी यांचे कान तपासून आणते.

तपासणीच्या काचेच्या खोलीत मावशीला हेडफोन लावून बसवलं आणि बारीकसा आवाज आला की बटण दाबा, असं समजावलं. पंधरा मिनिटं ती बटणावर बोट ठेवून इमानदारीत बसली. शेवटी दार उघडून तिने तपासणाऱ्या मुलीला सांगितलं, की मशीन बिघडलंय, नाहक वेळ जातोय.

मुलगी खुर्ची ओढून तिच्या समोर बसली. "मशीन चांगलं आहे, मावशी. बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाहीत."

ते परत कधी पोचतील, असं मावशीने विचारलं. मुलीने मान हलवली. गोंगाटाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. मावशी मला नंतर म्हणाली, की त्या वेळी तिला रडू आलं नाही. इतकी वर्षं माणसं काहीबाही सांगत होती आणि आपण नुसतं "हो, हो" करत होतो, तेव्हा आपण कशाकशाला हो म्हटलं असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

नर्सने मग सगळ्या त्रेचाळीस जणांचे कान तपासून घेतले. सव्वीस जणांचे कान थोडेफार गेलेले निघाले. कानातून रक्त येत नाही, म्हणून तुमच्या तीनशे दिवसांत हे मोजलं गेलं नाही, असं तिने साहेबांना सरळ सांगितलं. साहेब खजील झाले, पण कामाला लागले. फिटरने प्रेसच्या पायांखाली जाड रबर घातलं, खडखडणारे पत्रे आवळले, आणि झाकणं ज्या लोखंडी पेटीत पडायची तिला आतून रबर लावलं. आवाज बराच उतरला, तरी पुरेसा नाही. म्हणून प्रत्येकाला कानांवर घालायची जाड आवरणं आली. लोकांनी त्यांना 'कानझाकणं' नाव ठेवलं आणि गळ्यात अडकवून फिरू लागले. गरम होतं, घाम येतो, केस चपटे होतात. एकाने त्यांत बिस्किटं ठेवली. नर्सने कानीकपाळी ओरडून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशी उभी राहिली. "उद्यापासून ज्याचे कान उघडे दिसतील," ती म्हणाली, "त्याची एक गोष्ट मी माझ्या शेजारणीला हळूच सांगणार."

जेवण थांबलं. अठरा वर्षं ओठ वाचणाऱ्या बाईला कुणाकुणाचं काय काय ठाऊक असेल, याचा हिशोब प्रत्येक जण मनात करू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाऐंशीच्या शहाऐंशी कान झाकलेले होते. फेरीवर येताना साहेबही कानझाकणं घालून आले, आणि त्यामुळे टोप जागेवर राहतो हे लक्षात आल्यावर ते ऑफिसातही काढेनासे झाले.

मावशीला प्रेसवरून काढून पॅकिंगच्या शांत खोलीत बसवलं आणि कारखान्याने तिला कानाचं मशीन दिलं. ते लावून घरी आल्यावर ती तोंड उघडून दोन शब्द बोलली आणि दचकली. ही कोण बाई ओरडतेय, असं तिने विचारलं. काका म्हणाले, तूच. त्या दिवशी ती रात्रीपर्यंत बोलली नाही, आणि शेजाऱ्यांनी दोनदा येऊन तब्येतीची चौकशी केली.

पुढच्या आठवड्यात काका स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तिच्याविषयी काही पुटपुटले. ही त्यांची जुनी सवय होती आणि आजवर तिच्यात काही धोका नव्हता. मावशीने बाहेरच्या खोलीतून प्रत्येक वाक्याला सावकाश उत्तर दिलं. काकांच्या हातून ताटली पडली, आणि ती केवढी वाजते हेही मावशीला नव्यानेच कळलं.

मग तिने फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, कारण फ्रीज सारखा गुणगुणत होता. त्याने पुढून, मागून, वाकून तपासलं आणि सांगितलं, की फ्रीज ठणठणीत आहे, सगळेच असे वाजतात. मावशीने त्याला चहा दिला. तो गेल्यावर खुर्ची ओढून ती फ्रीजजवळ बसली आणि बराच वेळ ऐकत राहिली.