वन्संच्या पोटाचा पुरावा

या जगात विश्वास ठेवण्याजोगं काही नाही, हे आमच्या वन्संना जितक्या लहान वयात कळलं, तितक्या लहान वयात ते एखाद्या साधुसंतालाही कळलं नसेल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मालवणच्या बाजारातलं आमचं घर सोडून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलं की माडांच्या बागेत त्यांचं घर लागतं, आणि घराला लागून पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. माझ्या सासूबाई सांगायच्या, की जन्मल्यावर ही पोर बराच वेळ रडलीच नाही, नुसती सुईणीकडे रोखून बघत राहिली. ऐकणारे हसायचे. मला मात्र यात काही अतिशयोक्ती वाटत नाही, कारण ती नजर मी गेली पंधरा-सोळा वर्षं झेलते आहे.

बाजारात वन्सं दिसल्या की मासळी विकणाऱ्या बायका आधीच सावरून बसतात. वन्सं बांगड्याचे कल्ले उघडून बघतात, डोळा दाबून बघतात, शेपटीकडून धरून वाकवून बघतात, आणि बांगडा सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण झाला की खरा संशय सुरू होतो. “इतको ताजो कसो?” असं त्या विचारतात, आणि विकणारी कपाळाला हात लावते. हवामान खात्यानं पाऊस सांगितला की त्या आमसुलं वाळत घालतात. देवळात कौल लावायला गेल्या, तर देवावर त्यांची पूर्ण श्रद्धा असते, पण गुरवानं मूर्तीला कौलाची पाकळी नीट चिकटवली की नाही ते त्या जवळ जाऊन पाहून येतात. फोटोवर तर त्यांचा विश्वास लग्नापासूनच उडाला. स्थळ आलं तेव्हा मुलाचा जो फोटो दाखवला होता, तो बराच जुना निघाला. अंतरपाट दूर झाल्यावर नवऱ्या मुलाकडे बघून वन्सं भर मांडवात म्हणाल्या होत्या, “केस खंय गेले?” त्यांचे यजमान स्वभावानं शांत. त्यांनी हार घातला आणि विषय तिथेच संपवला.

मी घाटावरची, कराडकडची. शिकलेली, नोकरीवाली, दिसायला बरी मुलगी घाट उतरून इथे कशाला येते, एवढाच साधा प्रश्न वन्संनी आमचं लग्न ठरताना विचारला होता. मग कित्येक वर्षं त्या अधूनमधून सहज विचारल्यासारखी माझी जन्मतारीख विचारायच्या. आधी मला वाटलं, माझ्या वाढदिवसाला काही द्यायचं मनात असेल. नंतर कळलं, की दर वेळी उत्तर तेच येतं का, ते त्या बघत होत्या. मी त्यांच्यासाठी केलेलं तांबडं तिखट चांगलं आहे असं म्हणतानासुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर, हिनं हे कुठून विकत आणलं असेल, असा भाव असायचा. सांगायची गोष्ट ही, की इतक्या वर्षांत माझं एकही वाक्य त्यांनी जसंच्या तसं खरं मानलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांच्याकडे पुण्याच्या एक बाई उतरल्या होत्या. वयानं वन्संच्याच बरोबरीच्या, पंचेचाळिशीला टेकलेल्या, दोन मुलांची आई. या बाई सकाळी उठून घरापुढच्या खळ्यात चटई टाकून व्यायाम करायच्या, आणि व्यायामाचे कपडे असे की मधलं पोट उघडं. त्या दिवशी सकाळीच मला वन्संचा फोन आला. आवाज दबका होता. “वयनी, हय एक बाई इली हा. तिच्या पोटाक कप्पे आसत.” मी म्हटलं, व्यायामानं येतात तसे. वन्संनी माझं फार ऐकून न घेता निकाल दिला, “रंगवलेला आसतला.” त्या दिवशी त्यांनी बाईंना मुद्दाम पांढराशुभ्र टॉवेल दिला, आणि आंघोळ झाल्यावर तो मागच्या दारी उन्हात धरून तपासला. रंग नव्हता. मग तो न जाणारा रंग असावा, असं ठरलं.

शेवटी न राहवून त्यांनी बाईंनाच विचारलं. बाई मोठ्या गोड. त्या म्हणाल्या, ताई, हे स्नायू सगळ्यांनाच असतात, तुम्हालाही आहेत, वर चरबीचा थर आहे म्हणून दिसत नाहीत. साधं, शाळेच्या पुस्तकातलं उत्तर. पण त्या संध्याकाळी वन्सं रिक्षा करून आमच्याकडे आल्या. चहा घेतला नाही. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ज्या बाईनं आपल्या घरात कुठल्या डब्यात काय आहे हे नवऱ्यालाही कधी कळू दिलं नाही, तिच्याच अंगात तिच्या परवानगीशिवाय काहीतरी दडून बसलं होतं.

“माझ्या पोटात हा, आणि माका ठाऊक नाय?” त्या म्हणाल्या.

सुंदर दिसावं, बारीक व्हावं, असलं काही त्यांच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना फक्त तपासणी करायची होती. आधी फोनवरचे गुरू झाले. दहा मिनिटांत पोट सपाट करून देणारा एक, लिंबू-आलं पाजणारी एक, पोटाला पट्टा बांधायला सांगणारा एक. वन्संनी उताणं पडून उठाबशासारखे ते पोटाचे व्यायाम इतके केले, की हसताना कळ यायला लागली, पण वरून काही दिसेना. गुरू खोटे आहेत हे सिद्ध झाल्यामुळे त्यांना मनातून बरंही वाटलं. प्रकरण तिथेच मिटायचं, पण बाजारामागच्या व्यायामशाळेत शिरोड्याची एक मुलगी बायकांना शिकवायला यायला लागली होती. वन्सं तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, “आधी तुझा दाखव.”

मुलगी हसली. म्हणाली, माझे आता दिसत नाहीत. एका स्पर्धेच्या वेळी दिसले होते, चतुर्थीचे मोदक खाल्ल्यावर गेले. मग तिनं शांतपणे सगळं सांगितलं. नुसत्या पोटाच्या व्यायामानं पोटावरची चरबी जात नाही. जड वजनं उचलावी लागतात, लागतं त्यापेक्षा थोडं कमी खावं लागतं, पण मासे, अंडी, कडधान्य मात्र भरपूर. झोप पुरी हवी. महिनोन्‌महिने धीर हवा. आणि एवढं करूनही बाईच्या शरीराला चरबी पुरुषापेक्षा जास्त लागते, ते ती सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे पुष्कळ जणींना त्या रेघा कधीच दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी टिकत नाहीत. पाळी चुकायला लागली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी थांबायचं. वन्सं घरी येऊन मला म्हणाल्या, “हिका काय एक विकूचा नाय. ही खरा बोलता.” अशी शिफारस त्यांच्या तोंडून मी कुणाबद्दलच ऐकली नव्हती. मला जरा हेवाच वाटला.

तरी स्वभाव जाईल कुठे? दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून घरचा ताणकाटा घेऊन गेल्या आणि व्यायामशाळेतलं एकेक वजन टांगून पाहिलं. सगळी वजनं बरोबर निघाली, तेव्हा त्यांना ताणकाट्याचा संशय आला. प्रोटीनच्या पावडरीला त्यांनी हात लावला नाही, त्यात पिठीसाखर असणार म्हणून. त्याऐवजी भाजलेले बांगडे, उकडलेली अंडी आणि कुळथाची पिठी सुरू झाली. भात मुठीवर आला. घरी वजनं नव्हती म्हणून कंपाउंडाच्या कामातून उरलेले जांभ्या दगडाचे चिरे त्या छातीशी धरून खळ्याला फेऱ्या मारायच्या, आणि खोलीत उतरलेले पर्यटक त्याला इथली काही धार्मिक प्रथा समजून लांबून हात जोडायचे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांनी नारळ सोडला. मालवणात बाईनं नवरा सोडला तर लोक चार दिवस बोलतात. नारळ सोडला तर थेट काळजीच करतात.

पहिल्यांदा ध्यानात आलं ते शेजारच्या काकींच्या. वन्संकडून नारळाचं वाटप वाटल्याचा आवाज येईना. मग ब्लाउज ढिले झाले, गळ्याची हाडं वर आली, गाल बसले. काकींनी आधी साखरेचा रोग ठरवला, मग करणी ठरवली, आणि मग रोगाचं नाव न घेता नुसते सुस्कारे सोडायला लागल्या, म्हणजे त्याहून वाईट. मसुऱ्याची मावशी सफरचंदं घेऊन भेटून गेली. मुंबईहून चुलतभाऊ आला, तो जाताना वन्संच्या पाया पडला, जे त्यानं यापूर्वी कधी केलं नव्हतं. वन्सं प्रत्येकाला सांगत होत्या, की मला काही झालेलं नाही, मी हे मुद्दाम केलं आहे. लोक त्यांचा हात थोपटत होते. मुद्दाम असं कोण करतं, असं काकी डोळे पुसत म्हणाल्या. आयुष्यभर कुणाचं काही खरं न मानलेल्या बाईला आता स्वतःचंच खरं कुणाला पटवता येत नव्हतं. दाखवायचं तर काय दाखवणार? घरंदाज बाईनं चारचौघांत पोट उघडं कसं टाकायचं? आणि फोटो काढावा, तर फोटोबद्दलचं त्यांचं मत साऱ्या वाडीला पाठ होतं.

माझ्या नवऱ्यानं त्यांना कुडाळला नेऊन सगळ्या तपासण्या करवल्या. काही निघालं नाही. डॉक्टरांनी नीट जेवा म्हणून सांगितलं. काकी म्हणाल्या, डॉक्टर तोंडावर थोडेच सांगतात. हे वाक्य मी हसण्यावारी नेलं, पण वन्संच्या मनात ते जाऊन बसलं. तोवर दोन वेळा पाळी चुकली होती. शिरोड्याच्या मुलीनं ठरल्याप्रमाणे त्यांना थांबवलं, पोटभर जेवायला सांगितलं, तर ही मुलगी इतकी तातडीनं का थांबवते, हा नवा संशय. रिपोर्ट बदललेले असतील, हा त्याच्या पुढचा. एकदा फोनवर त्या माझ्या नवऱ्याबद्दल मला म्हणाल्या, “माझो भाव माझ्याशी कधी इतको गोड बोलाक नाय गो.” मी हसून काहीतरी म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला कळलं, की वन्सं भ्यायल्या आहेत. त्या खरोखरच आपण जाणार असं धरून चालल्या होत्या, आणि त्यांना कुणी नाही म्हणून सांगितलं तरी ते त्यांना पटणार नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला एकटीलाच सकाळी बोलावलं. यजमान बाजारात गेले होते. मागच्या खोलीत पूर्वेची खिडकी आहे, तिथून कोवळं ऊन तिरकं आत येत होतं. वन्संनी दार लावलं, कडी लावली, ती लागली का ते ओढून पाहिलं. मग खिडकीला कूस करून उभ्या राहिल्या, पदर बाजूला केला, निऱ्या थोड्या खाली सरकवल्या आणि श्वास रोखून मला एकच विचारलं.

“किती?”

मी नीट पाहिलं. बाळंतपणांनी सुरकुतलेली कातडी होती, खाली ऑपरेशनचा जुना व्रण होता, आणि त्या सगळ्याच्या वर, उन्हानं एका बाजूनं उजळलेल्या, खरोखरच रेघा होत्या. त्या पुण्याच्या बाईंसारख्या ठसठशीत नव्हत्या. ढग आला असता तर गेल्या असत्या. पण होत्या. मला त्या क्षणी आमच्या वन्संचा फार अभिमान वाटला. पण मी ओळखलं, की हा प्रश्न कौतुकाचा नाही. उत्तर त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. खूश करायला सहा म्हटलं असतं तर मी कायमची गेले असते.

“चार कप्पे,” मी म्हटलं. “बेंबीच्या वर. त्यातला डावीकडचा खालचा पुसट आहे.”

वन्सं माझ्याकडे तशाच रोखून बघत राहिल्या. मग पलंगावर बसल्या.

“म्हणजे माका काय झाला नाय.”

“काही झालेलं नाही, वन्सं. रिपोर्ट खरे आहेत. तुम्ही स्वतः कमावलेलं आहे हे.”

“बरा,” त्या म्हणाल्या, “तू सांगतंस म्हणान.” आणि पदराचा बोळा तोंडात धरून लहान मुलीसारख्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाठसुद्धा चांगली टणक लागत होती.

त्या रेघा आता नाहीत. जेवण सुरू झालं, पाळी आली, पावसाळा संपायच्या आत पोट पूर्वीसारखं झालं. यजमानांनी पाहिल्या होत्या म्हणे, पण नवऱ्याची साक्ष कोण धरतं? साक्षीदार म्हणून मी एकटीच उरले. आणि मला त्या सकाळची आठवण येते ती त्या रेघांसाठी नाही. रडून झाल्यावर वन्संनी डोळे पुसले, साडी नीट केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “आनी तोंड? लोक म्हणतत तोंड उतरला. म्हातारी दिसतंय काय गो मी?”

एरवी कुठल्याही नणंदेला कुठलीही भावजय जे उत्तर देते, ते माझ्या ओठांवर होतं. पण नुकताच कुठे माझा शब्द त्यांच्याकडे चालायला लागला होता, तो पहिल्याच फेरीला खोटा कसा करायचा? मी म्हटलं, “हो वन्सं. थोड्या दिसता.”

समोरच्या भिंतीवर आरसा होता. त्या उठल्या नाहीत. गालावरून एकदा हात फिरवला, मान हलवली आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या. इतक्या वर्षांत माझं एक वाक्य त्यांनी पडताळून न बघता मानलं, आणि ते नेमकं हे होतं. दुसरं काहीतरी विचारलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.