कोहळ्यांनी भरलेला लाल डबा

आमच्या घरमालकांच्या साडूंना वादात हरवील असा माणूस अजून जन्मला नाही आणि असं यंत्रही कोणी बनवलेलं नाही. सगळी गल्ली त्यांना साडूबुवाच म्हणते. एटीएमसमोर उभं राहून "काहून कुरकुर करून रायलं बे?" असं त्याला दरडावताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं भाजीचं दुकान. अमरावतीहून रेल्वेने पोत्यांनी कोहळी आणायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. कोहळ्यांना ते "मंडळी" म्हणतात. पोतं चढवताना "सरकून घ्या मंडळी" असं इतक्या अदबीने सांगतात, की बाकावरची माणसंच उठून उभी राहतात.

कोणत्या डब्यात किती गर्दी आहे ते दाखवणारा फलक स्टेशनांवर लागला, तेव्हा आम्ही हरखलो. हिरवा म्हणजे जागा, लाल म्हणजे खच्चून भरलेला. साडूबुवा मात्र त्याच्याकडे संशयानेच बघायचे. एकदा बडनेऱ्याला त्यांचाच डबा फलकावर लाल दिसला. आत होते ते, तीन भाजीवाल्या आणि बाकी सगळी पोती. फलाटावरचे लोक पुढच्या डब्यांकडे धावत सुटले आणि साडूबुवा पाय पसरून अकोल्याला आले. "त्याले वजन समजते, मानूस समजत नाई," असा निकाल त्यांनी त्याच दिवशी चौकात जाहीर केला.

पुढे माझ्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन अमरावतीत झालं. घरी नेताना तिला आडवंच ठेवायचं होतं. मोटारीत बसली की तिला उलट्या होतात आणि टाक्यांवर ताण येऊन चालणार नव्हतं. रेल्वेने न्यावं, तर त्या गर्दीत अख्खं बाकडं कोण देणार? मी रडकुंडीला आलो होतो. साडूबुवा म्हणाले, "उद्याच्या गाडीनं आना वयनीले. बाकी मी पायतो."

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या स्टेशनवर बघतो तो काय, एरवी गाडीभर विखुरणाऱ्या सगळ्या भाजीवाल्यांचा माल त्यांनी एकाच डब्यात भरून घेतलेला! मधलं एक बाकडं तेवढं मोकळं, त्यावर गोधडी. आई आडवी होत म्हणाली, "एवढी कोहळी कोनाच्या लग्नाले?"

बडनेऱ्याला डबा लाल दिसला आणि कोणी फिरकलं नाही. मूर्तिजापूरला मात्र एक लेकुरवाळी फलकाकडे न बघताच आत शिरली. जागा दिसताच तिच्यामागून दहाबारा जण घुसले. एक धक्का बसला तरी आईचं काही खरं नव्हतं. एरवी मोर्णा नदीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारे साडूबुवा ओठांवर बोट ठेवून कुजबुजले, "हळू या माय. आमची वयनी झोपली हाये." त्यांनी पोती ओढून लेकुरवाळीला बसायला जागा केली. बाकीचे गडी आईच्या बाकड्याकडे पाठ करून कडं धरल्यासारखे उभे राहिले, ते थेट अकोल्यापर्यंत. त्या अनोळखी पाठींचे आणि साडूबुवांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

आता साडूबुवांचे गुडघे गेलेत. माल टेम्पोने येतो आणि ते दिवसभर ओट्यावर बसून असतात. आई रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन तिथवर पायी जाते. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली, की ते हातातलं काम ठेवतात आणि ती पोचेपर्यंत तिच्या चालण्याकडे बघत राहतात.